बेडोकहून आणलेलं विरजण

"ही वाटी कुणी घासली? मी विचारतेय, ही वाटी कुणी घासली?"

आई ओरडत होती. आईचं ओरडणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना ते समजावून सांगणं अवघड आहे. आमचा फ्लॅट सिंगापूरमध्ये, जुरोंगला, अकराव्या मजल्यावर. त्या दुपारी तिचा आवाज ऐकून खाली बास्केटबॉल खेळणारी पोरं थांबली, समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी आजोबांचा पिंजऱ्यातला पक्षी गायचा बंद झाला आणि समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या एका तेलवाहू जहाजानं उत्तरादाखल भोंगा दिला. जहाजाचं पटत नसेल तर सोडून द्या, पक्ष्याचं मात्र खरं आहे. तिच्या हातात स्टीलची एक छोटी वाटी होती, आणि ती इतकी लखलखीत होती की तिच्यात आईचा लालबुंद चेहरा उलटा दिसत होता.

"मी घासली," बाबा म्हणाले. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरून ते बसले होते आणि त्यांच्याभोवती आमचा फ्रिज सुटा होऊन पडला होता. दाराचं रबर, कप्पे, ट्रे, मागची जाळी, आणि एक नळी, जी नंतर पुन्हा बसवताना उरलीच. आवाजात अभिमान होता बिचाऱ्यांच्या. "तळाशी काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. टाकलं च्यूटमधून."

सिंगापूरच्या सरकारी इमारतींत स्वयंपाकघरातच कचऱ्याचं एक झाकण असतं. ते उघडायचं, कचरा आत ढकलायचा, की तो अकरा मजले गडगडत पाताळात जातो. आई त्या झाकणाकडे अशी बघत राहिली, की आता ही स्वतःच आत उडी मारते.

"ते विरजण होतं," ती म्हणाली. आणि आवाज एकदम खाली आला. आईचा आवाज खाली आला की आम्ही भावंडं जास्त घाबरायचो.

दादा परवा सकाळी जाणार होता. या देशात मुलगा अठराचा झाला की त्याला दोन वर्षं सैन्यात जावं लागतं, मग तो इथला नागरिक असो नाहीतर आमच्यासारखा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलेला. पहिलं प्रशिक्षण तेकोंग नावाच्या बेटावर. पहिले दोन आठवडे घरी येणं नाही. माझा दादा, निनाद त्याचं नाव, आयुष्यात कधी स्वतःची चादर घडी न घातलेला इसम, त्या बेटावर रायफल घेऊन चिखलातून सरपटणार होता. माझं वय तेव्हा चौदा, आणि खरं सांगायचं तर त्याची खोली मला मिळणार या विचारानं मी आतून उड्या मारत होते. तोंडावर मात्र घराण्याला शोभेल इतपत गांभीर्य ठेवलं होतं.

आईनं महिनाभर आधीच फर्मान काढलं होतं. "या घरात कुणी रडणार नाही. त्याला तिथे कणखर राहायचंय, आपण इथे रडारड करून त्याला मऊ करायचं नाही. ज्याला रडायचंच असेल त्यानं लिफ्टमध्ये जाऊन रडावं." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, पण खरा रोख बाबांवर होता. बाबा वीस वर्षं बोटीवर इंजिनीअर होते. वादळं, चाचे, एकदा तर म्हणे जहाजाचे अडीच तुकडे झाले होते आणि बाबांनी त्यातला अर्धा तुकडा चालवत कोलंबो गाठलं. या गोष्टी तेच सांगायचे, तेव्हा माझ्या जिभेला हे वळण कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. आता ते किनाऱ्यावर आले होते. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात नोकरी, सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, संध्याकाळी घरी. आयुष्यात पहिल्यांदाच घरातलं दुसरं कुणी निघणार होतं आणि बाबा मागे राहणार होते. ते त्यांना जमत नव्हतं. काळजी वाटली की ते पाना हातात घ्यायचे. त्या आठवड्यात त्यांनी वॉशिंग मशीन उघडलं, एसी उघडला, माझी सायकल उघडली, आणि कुकरची शिट्टी अशी काही दुरुस्त केली की ती पुढे वर्षभर सुरात वाजत होती. शिवाय त्यांचं ते लेबलं छापायचं यंत्र. जहाजावर ज्या डब्यावर लेबल नाही तो डबा समुद्रात, असा त्यांचा कायदा. मीठ, साखर, हळद इथपर्यंत ठीक होतं, पण पंख्यावर 'पंखा' असं लेबल लागलं तेव्हा दादा, इथल्या पोरांसारखं वाक्याला मेह्, लाह असलं शेपूट लावत, म्हणाला, "बाबा, फॅनला पण लेबल? घरात कुणाला माहीत नाही मेह्?"

वाटीवर लेबल नव्हतं. एवढाच तिचा गुन्हा.

आता हे विरजण काय प्रकरण होतं ते सांगते. आईचं माहेर साताऱ्याचं. लग्नानंतर ती सिंगापूरला आली तेव्हा स्टीलच्या डबीत, त्या डबीला रुमाल, रुमालावर प्लास्टिक आणि हे सगळं लोकरीच्या मोज्यात, असं माहेरचं विरजण घेऊन आली. आमच्या घरात प्रत्येकाकडे कुठला ना कुठला पास होता, कागद होते, शिक्के होते. बिनकागदाचं या देशात राहत होतं ते फक्त हे दही. आई ते रोज लावायची. सुट्टीवर भारतात जाताना शेजारणीकडे ठेवायची, आल्यावर परत आणायची. आमच्या घरात त्याच्याहून वयानं मोठे फक्त आईबाबा. आणि लांब निघणाऱ्याच्या उजव्या तळहातावर त्या दह्याचा एक चमचा घालायचा, त्यानं तो चाटायचा, 'येतो' म्हणायचं, मागे न बघता लिफ्टपर्यंत जायचं, ही आईची पद्धत. 'जातो' म्हटलेलं तिला चालत नसे. बाबा प्रत्येक सफरीला असेच निघाले आणि प्रत्येक सफरीहून परत आले. आई म्हणायची, "पगार कंपनी देते. परत मी आणते." बाबा हसायचे. पण दही त्यांना ठाऊक होतं ते तळहातावर पडल्यानंतरचं. त्याच्या आधी ते कुठे असतं, कुणी सांभाळलेलं असतं, हे त्यांनी वीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं, कारण ते बघायला ते घरी नसायचे.

आणि नेमकं आदल्या दिवशी दादाच्या आवडीची कढी केल्यामुळे सगळं दही संपून वाटीत चमचाभर उरलं होतं.

"आई, खाली सुपरमार्केटमध्ये योगर्ट आहे ना," दादा म्हणाला. तो बॅग भरत होता, म्हणजे आई भरत होती आणि तो बाजूला बसून आंबा खात होता. "सेम थिंग, लाह."

"त्याच्यावर ब्लूबेरीचं चित्र असतं," आई म्हणाली. "ब्लूबेरी चाटून लढाईला गेलेला माणूस ऐकलायस कधी?"

"लढाई कुठे? पुशअप मारायचे आहेत फक्त."

"मी लिटिल इंडियाला जाऊन दह्याची पिशवी आणतो," बाबा उठत म्हणाले. "आत्ता आणतो. दोन आणतो."

"ते दही कुणाचं? कुठून आलं? कुणाला परत आणलंय त्यानं आजवर?" आईनं वाटी ओट्यावर ठेवली. "निनादच्या हातावर माझं दही पडेल. नाहीतर मी स्वतः जाऊन त्या बेटावर उभी राहीन, दोन वर्षं."

ती राहिलीही असती. तिला हाकलायला सैन्य अपुरं पडलं असतं.

मग फोन सुरू झाले. कारण आईनं ते विरजण सिंगापूरच्या निम्म्या मराठी घरांत वाटलं होतं. पण चिंचवडकर पुण्याला परतले होते. देशमुखांच्या सुनेनं दूध-दही सोडलं होतं आणि आता ती बदामाचं काहीतरी पीत होती. आणखी एकीकडे दोन महिन्यांपूर्वीच ते आंबून गेलं होतं आणि तिनं आईला ते सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं, आणि ती मैत्री तिथेच संपली. शेवटी एकच नाव उरलं, आणि ते घ्यायला घरात कुणी तयार होईना. अखेर मीच म्हटलं, कारण लहान असण्याचा तेवढाच फायदा असतो.

"गद्रे काकू."

गद्रे काकू बेडोकला राहायच्या. चार वर्षांपूर्वी गणपतीत, साठ-सत्तर माणसांसमोर, त्यांनी आईचा उकडीचा मोदक बशीत फिरवून बघितला होता आणि म्हणाल्या होत्या, "छान आहे हो. कळ्या पाचच काढल्यात, पण छान आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात बेडोक हे गाव नकाशावरून पुसलं गेलं होतं. जुरोंग आणि बेडोक एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एकाच हिरव्या लाइनवर, एक या टोकाला आणि एक जवळजवळ त्या टोकाला. विमानतळावर जाताना गाडी बेडोकला थांबली की आई डोळे मिटून घ्यायची. आता हसू येतं, पण खरं सांगू, माझ्याही मुलाच्या मुंजीत एका बाईनं माझ्या पुरणपोळीबद्दल असंच काहीतरी म्हटलंय आणि त्या बाईचं गावही मी सध्या पुसून टाकलेलं आहे.

आईनं साडी बदलली, वाटी पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. "चला."

"मीही?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच."

तर आम्ही तिघं त्या हिरव्या लाइनवर बसून अख्खं सिंगापूर आडवं ओलांडून गेलो. बाबांनी मांडीवर बर्फाचा डबा घेतला होता, थर्मामीटरसकट. बेडोकला उतरून बाजारावरून, मासळीच्या वासातून, गद्रे काकूंच्या ब्लॉकपर्यंत आई अशी चालली की समोरून येणारे सायकलवाले बाजूला झाले. बेल वाजवली. जाळीच्या दारामागे काकू उभ्या राहिल्या. गोऱ्या, बुटक्या, नाकावर चष्मा, हातात सोललेला लसूण.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "बेडोक सापडलं म्हणायचं तुम्हाला."

"विरजण हवंय," आई म्हणाली.

"कुणाचं?"

"माझंच. मी दिलं होतं ते."

"तुम्ही दिलंत चमचाभर. चार वर्षं दूध माझं जातंय त्यात. आता ते गद्र्यांचं."

"वहिनी, सगळी चूक माझी आहे," बाबा मागून म्हणाले. "त्याच्यावर लेबल नव्हतं म्हणून मी..."

"तुम्ही थांबा हो," दोघी एकदम म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

आईनं एक श्वास घेतला. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "निनाद परवा जातोय," ती म्हणाली. "तेकोंगला."

काकूंनी लसूण दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या मुलाचा, अमेयचा, हिरव्या गणवेशातला फोटो होता. तो आधीच्याच वर्षी सैन्यातून सुटून आला होता. त्यांनी जाळीच्या दाराची कडी काढली.

"जातोय म्हणू नये," त्या म्हणाल्या. "येतोय म्हणावं. या आत."

पुढे काय झालं ते काही मी तुम्हाला मिठ्या आणि अश्रू वगैरे लावून सांगणार नाही, कारण तसं काही झालंच नाही. पोहे झाले. काकूंनी फ्रिजमधून मातीचं मडकं काढलं आणि त्यातलं दही बघून आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त एकदा, तिच्या आईला विमानतळावर घ्यायला गेलो होतो तेव्हा बघितलं होतं. काकूंनी वाटी गच्च भरली. वर झाकण, झाकणावर फडकं. सूचना दिल्या, दूध जाड घ्या, पाकिटातलं पाणचट नको. आई हो हो म्हणत राहिली. दाराशी निघताना काकू म्हणाल्या, "पण कळ्या पाचच होत्या हं."

"सात होत्या."

बाबा छताकडे बघायला लागले.

"बरं," काकू म्हणाल्या, "सहा."

आईनं बराच विचार केला. "सहा," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत बाबांना नवीनच भीती. एमआरटीत खायला-प्यायला बंदी, दंड होतो, आणि आईनं बर्फाचा डबा नाकारून वाटी सरळ ओंजळीत धरलेली. "खातेय का मी? नेतेय," ती म्हणाली. गाडी भरलेली होती, आई उभी. तिच्या समोर बसलेल्या एका चिनी आजींनी फडक्याकडे बोट केलं. "सूप, आह्?"

"फॉर माय सन," आई म्हणाली. "गोइंग आर्मी."

आजी ताडकन उठल्या आणि आईला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं. बाजूच्या दोन बायांनी माना डोलावल्या. त्या डब्यात माझ्या हिशेबानं निदान चारशे माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरातला कुणीतरी त्या बेटावर जाऊन आलेला होता. आजी वरच्या दांडीला लोंबकळत आईला म्हणाल्या, "फर्स्ट टू वीक ओन्ली, लाह. आफ्टर दॅट ही कम होम, ही स्लीप. तुझ्याशी बोलतच नाही." म्हणजे शेवटचं वाक्य त्या इंग्रजीतच म्हणाल्या, पण माझ्या आठवणीत त्या मराठी बोलतात. माझ्या आठवणीत सगळेच कधी ना कधी मराठी बोलतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं दही लावलं. बाबा थर्मामीटर घेऊन शेजारी उभे होते. आईनं दुधात करंगळी बुडवली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी थर्मामीटर खिशात ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "एवढंच घालायचं? चमचाभर?" आणि आईनं त्यांना दाखवलं, किती, कसं फिरवायचं, कुठे झाकून ठेवायचं. वीस वर्षं मोठमोठी इंजिनं सांभाळलेला माणूस पातेल्याकडे बघत उभा होता, जणू आता ते सुरू होणार आहे.

सकाळी दही लागलं होतं. घट्ट, वर थोडंसं पाणी सुटलेलं. दादानं उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, "आई, हाताला सनब्लॉक लावलंय," तर आईनं तो हात नळाखाली धुतला, पुसला आणि त्यावर दही घातलं. त्यानं चाटलं. "ओके, आय गो ऑलरेडी, आह्."

"येतो म्हण."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी वेडावून दाखवायच्या बेतात होते, पण जमलं नाही. "येतो," तो म्हणाला. स्वच्छ, साताऱ्याच्या माणसासारखा.

आता यातली गंमत अशी, की सिंगापूरचं सैन्य पहिल्या दिवशी आईबापांनाही बरोबर बोलावतं. म्हणजे एवढा निरोप देऊन झाल्यावर आम्ही तिघंही त्याच्यासोबत त्याच लिफ्टमध्ये चढणार होतो. आईच्या ते लक्षात आलं तशी तिनं माझ्याही हातावर दही घातलं आणि बाबांच्याही. बाबांनी ते चाटलं आणि सवयीनं म्हणाले, "येतो." मग त्यांचा चेहरा असा झाला की मला लिफ्टचं बटण दाबायला पळावं लागलं.

बेटावर भाषण झालं, शपथ झाली, मोठ्या भोजनगृहात खणांच्या ताटात सगळ्यांना जेवण मिळालं. आईनं वरण चाखून बघितलं, "मीठ बरं आहे," म्हणाली आणि त्या वाक्यानं तिनं सैन्याला मान्यता दिली. बाबांनी छतावरचे पंखे तपासले. मग एक सार्जंट ओरडला. तो चांगला ओरडायचा, आईच्या निम्म्यानं तरी. मुलं रांगेत उभी राहिली आणि चालू लागली. दादानं मागे बघितलं नाही, पद्धतीप्रमाणे. आई ताठ उभी होती, पर्स छातीशी धरून, डोळे कोरडे. बाबा जोरजोरात हात हलवत होते. मी बघितलं तर ते तिसऱ्याच एका मुलाला हात करत होते, आणि तो सभ्य मुलगा त्यांना उलट हात करत होता.

घरी आलो. दादाची खोली माझी झाली होती, पण त्या संध्याकाळी मी आत गेले नाही. खाली बास्केटबॉलचा चेंडू आपटत होता, समोरचा पक्षी गात होता, कुकरनं सुरात शिट्टी दिली. बाबा उठले. "कचरा टाकून येतो खाली," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. कचऱ्याचं च्यूट आमच्या स्वयंपाकघरातच होतं, हे मी सांगितलंय. लिफ्ट खाली गेली, वर आली, परत खाली गेली. आईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दुरुस्त करायला घरात काहीही उरलं नव्हतं. आई सकाळच्या दह्यातलं चमचाभर त्या लखलखीत वाटीत काढत होती. त्यांनी खिशातून एक लेबल काढलं, ते छापून ठेवलेलं होतं, 'टाकू नये', आणि वाटीला चिकटवलं. ती वाटी आज माझ्या फ्रिजमध्ये आहे आणि ते लेबल अजून निघालेलं नाही. मग ते पातेल्याजवळ येऊन उभे राहिले.

"मी बोटीवर निघून गेलो," बाबा म्हणाले, "की घरी येऊन तू काय करायचीस गं?"

आईनं पातेल्यातल्या दुधात करंगळी बुडवून बघितली.

"दही लावायचे," ती म्हणाली.